आधणाचे पाणी आणि नवा तांदूळ

चुलीवर अथवा शेगडीवर पांढरा भात शिजविणे ही क्रिया इतकी नित्याची आहे, की तिच्याविषयी मतभेद असू शकतील ही कल्पनाही पुष्कळांच्या मनास शिवत नाही. तथापि आयुर्वेदाचे ग्रंथ, पाकशास्त्रावरील मराठी पुस्तके, आहारशास्त्रज्ञांचे अहवाल आणि भंडारा जिल्ह्यातील स्वयंपाकघरांची वहिवाट ही चार दफ्तरे शेजारी शेजारी उघडून ठेवली, तर एकाच भांड्यातील पाण्याविषयी त्यांनी दिलेले फैसले परस्परांशी मुळीच जुळत नाहीत असे दिसून येते. कोणी तांदळाच्या दुप्पट पाणी घालून ते सारे भातातच जिरवावयास सांगतो, कोणी पाचपट पाण्यात तांदूळ शिजवून पेज निथळावयास सांगतो, कोणी पेज काढणे म्हणजे अन्नातील सत्त्व मोरीत ओतणे होय असे बजावतो, आणि शिट्ट्या मोजून भात उतरविणाऱ्यांच्या पिढीला यांपैकी कोणताच वाद ठाऊक नसतो. या तकरारीचा आढावा भंडारा जिल्ह्याच्या बाजूने घ्यावा असा या लेखाचा हेतू आहे. त्याला कारण असे, की भाताविषयी आजवर जे छापले गेले, ते बहुतांशी तांदूळ विकत घेणाऱ्या शहरांतून लिहिले गेले. तो पिकविणाऱ्या मुलखाची साक्ष त्यात फारशी उमटलेली नाही.

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला हा जिल्हा १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा निघाल्यानंतर आकाराने लहान झाला. परंतु तुमसर, मोहाडी, भंडारा, लाखनी, साकोली, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांत धान हेच मुख्य पीक राहिले. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने ज्या कौशल्याने येथे तलाव बांधले, त्याची तारीफ इंग्रजी अमदानीतील अधिकाऱ्यांनीही केलेली आहे. हे तलाव पुढे मालगुजारांच्या मालकीचे म्हणून मालगुजारी तलाव या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाल्यावर सरकारजमा झाले. कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या बांध्यांना कोणत्या क्रमाने मिळावयाचे, याचा शिरस्ता बंदोबस्ताच्या वेळी गावोगावच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रूढी-हक्कांच्या नोंदपत्रात, लिहून ठेवलेला असे. धानाला पाजावयाच्या पाण्याची एवढी काटेकोर नोंद ज्या मुलखात झाली, तेथे त्याच धानाचा तांदूळ शिजविण्यास किती पाणी लागते याची नोंद मात्र कोणत्याही कागदावर झाली नाही. ती सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे तोंडी चालत आली. तोंडी चाललेले ज्ञान जोवर त्याची परिस्थिती कायम असते तोवर उत्तम चालते. परिस्थिती पालटली, तांदूळ गिरणीतून आणि रास्त भावाच्या दुकानातून येऊ लागला, गंजाची जागा कुकरने घेतली, आणि मग त्या ज्ञानाची कारणे शोधून ती लिहून ठेवण्याची निकड उत्पन्न झाली.

प्रथम तांदळाविषयी. जिल्ह्यात पिकणाऱ्या धानाच्या जाती एका पंक्तीत बसविण्यासारख्या नाहीत. चिन्नोर हा दीर्घ मुदतीचा, बारीक आणि सुगंधी. भंडारा चिन्नोर या नावाने त्यास अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. लुचई ही जुनी देशी जात आता क्वचितच आढळते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने आपल्या बांधीतील वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, त्यांचे बी वर्षानुवर्षे राखून जी एचएमटी जात सिद्ध केली, ती बारीक दाण्याची जात म्हणून साऱ्या पूर्व विदर्भात पसरली. जय श्रीराम ही तिच्यासारखीच बारीक. १०१० आणि तिच्या जातकुळीतील ठोकळ धान हे मुख्यतः आधारभूत किमतीच्या खरेदीकेंद्रावर जाणारे. साकोलीचे कृषी संशोधन केंद्र आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाहीचे केंद्र यांनी दिलेल्या जाती यांत आणखी भर घालतात.

या जातींमधील जो भेद स्वयंपाकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो लांबी-रुंदीचा नव्हे. तांदळातील पिष्ट दोन प्रकारचे असते, ॲमायलोज आणि ॲमायलोपेक्टिन. पहिल्याचे प्रमाण शेकडा पंचविसाच्या वर असले तर भात मोकळा होतो आणि निवल्यावर ताठ बनतो, वीस ते पंचवीस असले तर मोकळा असूनही मऊ राहतो, आणि त्याहून खाली गेले की तो चिकट होत जातो. पिष्टाचा दाणा पाण्यात फुगून फुटण्यास जे तापमान लागते, तेही जातीगणिक साधारणतः ५५ ते ७९ अंश सेल्सियसच्या दरम्यान बदलते. सारांश, दोन जातींचे तांदूळ एकाच वेळी एकाच भांड्यात वैरले, तर ते एकाच वेळी शिजतील अशी अपेक्षा करता येत नाही. ही गोष्ट पुढे रेशनच्या तांदळासंबंधी विचार करताना पुन्हा लागणार आहे.

धान भरडण्याचेही दोन प्रकार. वाळलेले धान तसेच भरडून काढलेला तो अरवा. भिजवून, वाफवून, पुन्हा वाळवून मग भरडलेला तो उष्णा, ज्याला कोकणात उकडा म्हणतात. उष्ण्यात पिष्ट तुसाच्या आतच एकदा शिजून घट्ट झालेले असते. म्हणून तो दाणा कठीण, मोडण्यास चिवट, आणि शिजण्यास अधिक वेळ व अधिक पाणी मागणारा असतो. उन्हाळी धान अरव्याच्या पद्धतीने भरडले असता त्याचा तुकडा फार पडतो, म्हणून गिरणीवाले ते उष्ण्याकडे वळवितात. परंतु जिल्ह्यातील बहुतेक पानांवर अरवाच वाढला जातो, आणि या लेखाचा विषयही तोच आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे यावयाचे. जातीपेक्षा आणि भरडाईपेक्षाही ज्या गोष्टीने भाताचे पाणी ठरते ती म्हणजे तांदळाचे वय. धान कापून मळणी झाल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत दाण्याच्या आत हळूहळू फरक पडत जातो. प्रथिनांचे परस्परबंध दृढ होतात, पिष्टाभोवतीच्या पेशींच्या भिंती कठीण होतात, आणि त्यामुळे शिजताना पिष्ट बाहेर सुटण्याऐवजी दाण्याच्या आतच राहून फुगते. म्हणून जुना तांदूळ अधिक पाणी पितो, अधिक फुलतो, लांबीस वाढतो आणि फडफडीत उतरतो. नव्या तांदळाची गोष्ट उलट असते. तो लवकर शिजतो, पाणी कमी घेतो, आणि आपले पिष्ट आधणात सैल सोडून देतो, जे पाण्याबरोबर निघून गेले नाही तर शितांच्या अंगावर चिकटून साऱ्या गंजाचा गिचका करते.

पुण्या-मुंबईचे कुटुंब वाण्याकडून तांदूळ घेते तेव्हा तो जुना आहे ना हे विचारून घेते, आणि जुनेपणासाठी जादा दामही मोजते. त्यामुळे लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या १९१० च्या ‘गृहिणीमित्र’पासून कमलाबाई ओगल्यांच्या १९७० च्या ‘रुचिरा’पर्यंत ज्या पुस्तकांनी मराठी गृहिणीला लेखी पाकशास्त्र दिले, ती ज्या वाचकवर्गासाठी अवतरली त्याच्या घरी जुना तांदूळ हीच साधारण स्थिती होती. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या घरी मात्र कार्तिक-मार्गशीर्षात धान खळ्यावरून आले, की घरखर्चापुरते ताबडतोब गिरणीवर जाते, आणि पौषापासून त्या घरात नव्या तांदळाचा भात शिजू लागतो. ज्यांना धरणाचे, तलावाचे अथवा बोअरचे पाणी आहे ते उन्हाळी धानही घेतात, म्हणजे वैशाख-ज्येष्ठात पुन्हा नवा तांदूळ दाखल होतो. पिकविणारा नवे खातो आणि विकत घेणारा जुने खातो, हा जो उलटा व्यवहार आहे, तो ध्यानी घेतल्यावाचून एका मुलखाचे प्रमाण दुसऱ्या मुलखास लावणे म्हणजे दोहोंवरही अन्याय करणे होय. नागपुरास अथवा पुण्यास नोकरीनिमित्त गेलेली मुले गावाहून पोते घेऊन जातात, छापील प्रमाणाने पाणी घालतात, आणि भात बिघडला म्हणून घरच्या तांदळास दोष देतात. वस्तुतः दोष तांदळाचा नसून त्या प्रमाणाचा असतो.

जुन्या चालीने चुलीवरचा भात कसा होतो तो क्रम आता पाहू. तांदूळ सुपात पाखडून, खडे आणि धानाचे दाणे वेचून, कनकी म्हणजे तुकडा तांदूळ वेगळा काढून, दोन पाण्यांनी हलक्या हाताने धुतला जातो. नवा तांदूळ भिजवीत नाहीत. भिजविल्याने जुन्या दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी आधीच पोहोचते व शिजण्याचा वेळ वाचतो, परंतु नव्याला त्याची गरज नसते आणि तो शिजताना तुटतो. गंजात तांदळाच्या चौपट-पाचपट पाणी ठेवून त्याला खळखळून उकळी आली, म्हणजे तांदूळ वैरावयाचा, आणि तळाशी बसू नये म्हणून सराट्याने एकदाच खालून वर हलवावयाचा. यानंतर पुन्हा पुन्हा ढवळणे हे अनिष्ट. कारण प्रत्येक वेळी दाण्यावर दाणा घासून पिष्ट अधिक सुटते. फेस वर चढतो तेव्हा झाकण अर्धवट सरकवून ठेवतात, किंवा तेलाचे अथवा तुपाचे दोन थेंब टाकतात. स्निग्ध पदार्थाने फेसाचे बुडबुडे फुटतात आणि उतू जाणे टळते. नव्या अरव्याला उकळीपासून बारा-पंधरा मिनिटे पुरतात.

शीत काढून अंगठा आणि तर्जनी यांमध्ये चेपून पाहणे ही या साऱ्या क्रियेतील खरी परीक्षा होय. शीत सर्वस्वी विरघळले तर उशीर झाला. मध्यभागी सुईच्या टोकाएवढी कणी लागली तर तोच निथळण्याचा क्षण, कारण ती कणी पुढील वाफेत शिजते. झाकणावर फडके धरून गंज दुसऱ्या भांड्यावर कलता करतात, पेज निथळते, आणि भात पुन्हा निखाऱ्यांवर अथवा चुलीच्या वैलावर झाकून ठेवतात. ही शेवटची दहा मिनिटे अनेक घरांत घाईने वगळली जातात, ही फार मोठी हानी आहे. या अवधीत भांड्यातील वाफ वरच्या व खालच्या शितांत सारखी मुरते, शितांच्या पृष्ठभागावरील ओल कमी होऊन तो घट्ट होतो, आणि मग वाढताना शीत मोडत नाही. लगेच उपसलेल्या भातात वरचा थर कोरडा आणि तळचा पचपचीत, असा जो दुजाभाव आढळतो त्याचे कारण दुसरे काही नसून एवढेच असते.

याच्या उलट पाणी जिरवण्याची पद्धत. येथे दुप्पट पाण्याचा नियम सांगितला जातो, आणि तो नियम म्हणून सपशेल चुकीचा आहे. शंभर ग्रॅम तांदूळ शिजून अडीचशे ते तीनशे ग्रॅम भात होतो. म्हणजे दाण्याने स्वतः घेतलेले पाणी वजनाने दीडपट ते दुपटीच्या आत असते. याहून जे अधिक घातले जाते ते वाफ होऊन उडून जाण्यासाठी असते, आणि किती उडेल हे भांड्याचे तोंड किती रुंद आहे, झाकण किती घट्ट बसते, आणि भांडे किती वेळ जाळावर राहते यांवर अवलंबून असते. तांदळाच्या मापाशी त्याचा संबंध फार थोडा. एका वाटीच्या भाताला जेवढे पाणी वाफेत जाते, त्याच भांड्यात चार वाट्यांचा भात शिजविला तरी जवळपास तेवढेच जाते. मग चार वाट्यांना आठ वाट्या पाणी घालणाऱ्याचा भात गुरगुट्या झाला तर नवल कसले? पाण्याचा हिशेब दोन रकमांचा करावयास हवा: एक रक्कम तांदळाच्या मापाने वाढणारी, दुसरी भांड्याची म्हणून कायम. जुन्या बायका तांदळाच्या पृष्ठभागावर बोट टेकवून पहिल्या पेरापर्यंत पाणी आले की पुरे म्हणतात, त्यात हाच दोन रकमांचा हिशेब दडलेला आहे. दाण्यांच्या फटींत भरलेले पाणी तांदळाबरोबर वाढते, वरचे पेरभर पाणी तेवढेच राहते. हा अडाणी अंदाज नव्हे. मात्र तो घरगुती प्रमाणापुरताच खरा ठरतो. उंच भांड्यात पुष्कळ तांदूळ असला तर पेरभर पाणी कमी पडते. लग्नाच्या पंगतीसाठी मोठ्या हंड्यांत भात शिजविणारे आचारी पेजच काढतात, यामागे हीच अडचण आहे. एवढ्या मोठ्या राशीत पाणी अचूक जिरवणे दुष्कर, आणि निथळणे सुकर.

आता वैद्य आणि आहारशास्त्रज्ञ यांच्यातील विवाद. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चांगला धुतलेला, पेज निथळलेला, नीट शिजलेला आणि गरम असा भात पचनास हलका म्हटला आहे, आणि न धुतलेला, न निथळलेला जड. मध्ययुगीन वैद्यकग्रंथांत अन्नासाठी पाण्याचे प्रमाण पाचपट, विलेपीसाठी म्हणजे दाट पेजेसाठी चौपट, यवागूसाठी म्हणजे पातळ पेजेसाठी सहापट आणि मंडासाठी म्हणजे निवळ पेजेसाठी चौदापट असे दिलेले आढळते. यावरून भातासाठी पाचपट पाणी म्हणजे निथळण्याचीच चाल त्यांच्या डोळ्यांसमोर होती हे उघड आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या मताला मोठा धक्का बसला. जावा बेटावर आयिकमन या डच वैद्याने सडून पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखा विकार पाहिला आणि कोंड्याने तो बरा होतो असे दाखविले. त्याबद्दल त्यास १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिंदुस्थानात कुन्नूरच्या प्रयोगशाळेत मॅक्कॅरिसन आणि त्यांच्यानंतर आयक्रॉइड यांनी तांदळाच्या प्रश्नाचा सविस्तर अभ्यास केला. गिरणीत चकचकीत केलेल्या तांदळातील ब-जीवनसत्त्वांचा मोठा अंश कोंड्याबरोबर जातो, उरलेल्याचा बराच भाग धुण्यात आणि निथळण्यात जातो, असा या अभ्यासाचा निष्कर्ष होता. याच सुमारास, १९३४ साली, वर्ध्यास मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जे. सी. कुमारप्पा यांनी हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार आहाराच्या आणि ग्रामीण रोजगाराच्या अशा दोन्ही अंगांनी केला. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली गिरण्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदाही झाला. परंतु ढेकी आणि उखळ-मुसळ यांचा आवाज गावांतून नाहीसा व्हावयाचा तो झालाच.

हे दोन्ही पक्ष माझ्या मते आपापल्या ठिकाणी सत्य बोलत आहेत. वैद्यांच्या काळी निथळला जाणारा तांदूळ हातसडीचा होता. त्याच्या अंगावर कोंड्याचा अंश शिल्लक असे, आणि पेजेबरोबर जे जाई त्याने अन्न निःसत्त्व होत नसे. आज गिरणीतून आलेल्या तांदळाचे जे अखेरचे शिल्लक सत्त्व, तेच पेजेत उतरते. म्हणून निथळावे की न निथळावे हा प्रश्न मुळातच अपुरा आहे; निथळलेल्या पेजेचे काय करावयाचे, हा त्याचा उत्तरार्ध विचारला गेला पाहिजे. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून काम करून आलेल्या बायका मीठ घातलेली कोमट पेज पितात, तान्ह्या मुलास वरणाच्या पाण्याआधी पेज दिली जाते, तापातून उठलेल्या माणसाचे पहिले अन्न तेच असते. अतिसारात शरीरातील पाणी राखण्यास भाताची पेज उपयोगी पडते हा लोकानुभव आधुनिक वैद्यकानेही मानला आहे. ढाक्याच्या अतिसार संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात तांदळाच्या पिठापासून केलेल्या जलसंजीवनीचे प्रयोग झाले ते याच धाग्यावर. पेज पिणाऱ्या घरात निथळलेल्या भातापासून आहाराची हानी फारशी होत नाही. जेथे ती मोरीत जाते, तेथे आहारशास्त्रज्ञांचा आक्षेप अक्षरशः लागू पडतो. गोऱ्ह्यांना आणि म्हशींना पाजली तर घराचे नुकसान नाही, पण माणसाच्या ताटातले ते गेलेच.

मधुमेह असलेल्या पुष्कळ लोकांची अलीकडे अशी समजूत झालेली आहे, की पेज काढली की भातातील साखर निघून जाते. ही समजूत धोक्याची आहे. पेजेत जाणारे पिष्ट एकंदर पिष्टाचा थोडाच अंश असते. बाकीचे सारे शितांतच असते, आणि दोन वेळा वाढून घेतलेल्या निथळलेल्या भाताने रक्तातील साखर वाढते ती वाढतेच. मूठभर भाताबरोबर धुऱ्यावरच्या तुरीचे वरण, भाजी आणि तलावातली मासोळी अधिक घ्यावी, हा सल्ला निथळण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचा.

भांडी आणि इंधन यांविषयी थोडक्यात लिहितो. भंडारा शहर पितळी भांड्यांच्या धंद्यासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे, आणि कल्हई केलेला पितळी गंज हे भातासाठी उत्तम भांडे होय. पितळेतून उष्णता पोलादापेक्षा कितीतरी पटींनी सुलभतेने पसरते, म्हणून तळाचा एक भाग करपून दुसरा कच्चा राहत नाही. पातळ तळाचे स्टीलचे पातेले गॅसच्या ज्योतीवर नेमके हेच करते, आणि त्याखाली तवा ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. उकळी आल्यानंतर जाळ मोठा ठेवून काहीच साधत नाही. उकळत्या पाण्याचे तापमान मंद आचेवर आणि प्रखर आचेवर सारखेच, शंभर अंशांच्या आसपास राहते, वाया जाते ते फक्त इंधन. लाकूड जंगलातून मोळीने आणणाऱ्या घरांना हे सांगावे लागत नसे. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून ज्यांच्या घरी पहिल्यांदा सिलिंडर आले, त्यांना ते भरण्याचा खर्च पाहता हे पुन्हा सांगणे अगत्याचे आहे.

कुकरची गोष्ट निराळी. बंगालमधील इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर काढला तेव्हापासून बंद भांड्यात, वाफेवर, कोणाच्या देखरेखीवाचून भात शिजविण्याची कल्पना या देशात रुजू लागली. १९५९ च्या सुमारास प्रेशर कुकर येथेच तयार होऊ लागले आणि दोन-तीन दशकांत ते सर्वत्र पोहोचले. त्यात दाबामुळे तापमान एकशेवीस अंशांजवळ जाते, वेळ आणि इंधन दोन्ही वाचतात, आणि दिवसभर शेतावर अथवा कचेरीत राबून आलेल्या स्त्रीला त्याबद्दल बोल लावण्याचा अधिकार कोणासही नाही. फक्त हे ध्यानात घ्यावे, की कुकरमधील डब्यातून पाणी जवळजवळ उडतच नाही. म्हणजे वर सांगितलेली भांड्याची रक्कम येथे शून्यावर येते. नव्या तांदळाला मापाने दीडपट पाणी पुरते, मुरलेल्या जुन्याला दुप्पट किंवा किंचित अधिक. आणि भात डब्यातच लावावा, थेट कुकरच्या तळाशी नव्हे. नवा तांदूळ थेट लावला की पिष्टाचा फेस झडपेत शिरतो, तेव्हा भात तर बिघडतोच, शिवाय झडप तुंबण्याचे भय असते.

चिन्नोर मात्र कुकरात लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. सुगंधी तांदळांचा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते अत्यल्प प्रमाणात असते आणि उष्णतेने वाफेबरोबर उडून जाते. उघड्या गंजात खळखळ उकळून निथळला, तर निम्मा वास स्वयंपाकघरातच राहतो, आणि शिट्टीबरोबर तर तो अंगणापलीकडे जातो. चिन्नोराला जाड तळाचे भांडे, मोजके पाणी, घट्ट झाकण आणि मंद आच हवी. वर्षभर ठोकळ धानाचा भात खाऊन सणासाठी आणि पाहुण्यासाठी दोन पायल्या चिन्नोर राखून ठेवणाऱ्या घराने एवढा सायास अवश्य करावा. नाही तर त्या धानाने बांधीत काढलेले जादा दिवस आणि शेतकऱ्याने त्यासाठी सोसलेले कमी उत्पन्न फुकट गेले.

शिळ्या भाताविषयी एक सूचना येथे करणे भाग आहे. तांदळावर असणारे काही जिवाणू बीजरूपाने उकळीतूनही वाचतात, आणि भात कोमट हवेत बराच वेळ राहिला की ते वाढून विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. वैशाखातील भंडाऱ्याचा उन्हाळा या जिवाणूंना फार मानवणारा. रात्रीचा भात ठेवावयाचा असेल तर तो पसरून लवकर निववावा आणि थंड जागी ठेवावा. दुपारपर्यंत गंजात झाकून राहिलेला भात फोडणीस टाकू नये.

अखेरचा प्रश्न रेशनच्या तांदळाचा, आणि आज जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांपुढे तोच पहिला आहे. शेतकरी धान खरेदीकेंद्रावर घालतो. ते भरडाईस गिरणीवर जाते. क्विंटलमागे अरव्याचे ६७ किलो आणि उष्ण्याचे ६८ किलो तांदूळ गिरणीने सरकारात भरावयाचे असतात. तो गोदामात राहून पुढे रास्त भावाच्या दुकानात येतो. या प्रवासात नाना शेतांचे, नाना जातींचे धान एकत्र होते. म्हणून त्या भातात काही शिते विरघळलेली आणि काहींत कणी, असा प्रकार होतो, आणि त्यास स्वयंपाक करणारीचा हात कारण नसतो. अशा मिश्र तांदळास पाणी जिरवण्याची पद्धत सोसत नाही. पुष्कळ पाण्यात शिजवून, कठीण शितांवर लक्ष ठेवून निथळणे आणि मग वाफेवर थोडा अधिक वेळ ठेवणे, हाच त्यास उपाय. जुनी चाल येथे पुन्हा उपयोगी पडते.

या तांदळात आता पोषणयुक्त दाणेही मिसळलेले असतात. १५ ऑगस्ट २०२१ रोजी अशा तांदळाची घोषणा झाली आणि मार्च २०२४ पर्यंत देशभरच्या सरकारी वाटपात तो लागू करण्यात आला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ जीवनसत्त्व घालून, ते यंत्रातून तांदळाच्याच आकाराने काढतात, आणि शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळतात. हे दाणे रंगाने किंचित वेगळे दिसतात, धुताना कधी तरंगतात, आणि त्यामुळे गावोगाव हा प्लास्टिकचा तांदूळ आहे अशी अफवा पसरली. कित्येक घरांत ते वेचून फेकून दिले जातात. ज्या रक्तक्षयासाठी ही तजवीज आहे, तो ज्या बायकांना आणि मुलांना जडलेला आहे, त्यांच्याच हातांनी औषध सुपातून बाहेर टाकले जावे ही फार दुःखाची गोष्ट आहे. ते दाणे वेचू नयेत. तांदूळ फार वेळा चोळून धुऊ नये. आणि निथळावा लागला तर पेज प्यावी, म्हणजे त्यातून जे काही उतरले असेल तेही पोटात जाईल.

सरकारी तांदळाच्या पोत्यावर गिरणीचे नाव आणि खरेदीचा हंगाम छापलेला असतो, परंतु तांदूळ किलोने सुटा तोलला जात असल्यामुळे तो मजकूर दुकानाबाहेर येत नाही. दुकानाच्या फलकावर भाव आणि साठा लिहिण्याचा शिरस्ता आहेच; त्याच फलकावर तांदूळ कोणत्या वर्षाचा, खरीप की उन्हाळी, अरवा की उष्णा, एवढे चार शब्द लिहावयास तालुक्याच्या पुरवठा अधिकाऱ्याने सांगितले, तर पिशवी घरी नेणाऱ्या बाईस गंजात किती पाणी ठेवावे हे वाटेतच कळेल.